मठारलेली फटफटी

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर रावसाहेबांनी गतिरोधक बांधून घेतला तो माझ्यासाठी. अध्यक्ष या नात्याने भर सभेत त्यांनी सांगितलंच, "रामटेके इथून दोनशेने जातात म्हणे. त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, पण सिमेंट उरलंय." तर त्या उरलेल्या सिमेंटच्या उंचवट्यावरून एका शनिवारी सकाळी आमचा टेम्पो गेला. पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, आणि उतरताना, माझ्या मांडीला टेकलेल्या त्या लांबलचक, चादरीखाली झाकलेल्या धुडाच्या पोटात कुठेतरी टण् झालं. फक्त एकदा. रिकाम्या घागरीत शेंगदाणा पडावा एवढंच. टेम्पो कर्वेनगरच्या चौकाकडे वळला, दूधवाले, शाळेच्या रिक्षा, इस्त्रीवाल्याचा धूर, सगळं रोजच्यासारखं मागे जायला लागलं, पण मी मात्र त्या टण्पाशीच बसून राहिलो. मागे हौद्यात माझ्यासमोर शंभू तांबट उकिडवा बसला होता, गुडघ्यांत हातोड्यांची पिशवी धरून. त्याला विचारलं, "शंभू, ऐकलंस?"

"काय?"

"टण् झालं आत."

"पोपटराव, आमच्या तांबट आळीत जन्मलेल्या माणसाला टण् ऐकू येत नाही. वाजायचं थांबलं तर सांगा, तेव्हा बघू."

पुढे टेम्पोवाल्याच्या शेजारी माझी बायको ललिता, मांडीवर थर्मास. तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने विचारलं असतं, नेमकं कुठे, केवढ्याने, आणि माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. मंडईतले दुकानदार तिला लांबून बघून तराजूला नमस्कार करायचे. अशा बाईने माझ्याशी संसार केला, म्हणजे मीठवाल्याने पावसाशी करावा तसाच. कारण मी थापाड्या. आडून कशाला सांगा, जन्मजात थापाड्या. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायला आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तोंडाशी आलं की मला खोकला यायचा. ललिता त्या ओळीला थोडा आवाज चढवायची, दोघांच्या वतीने. माझी पहिली थाप दीक्षाभूमीवरची. छप्पन साली वडील आम्हाला चंद्रपूरहून नागपूरला घेऊन गेले. मी सात वर्षांचा. पांढरे कपडे, पांढरे कपडे, नजर जाईल तिथवर पांढरे कपडे, आणि वडिलांच्या हाताला फुटलेला घाम. परत आल्यावर गल्लीतल्या पोरांना सांगितलं, मी सगळी माणसं मोजली. किती होती रे? त्यावर मी जो आकडा सांगितला तो माझ्या अंगात होता तेवढा मोठा होता. पुढे कळतं झाल्यावर समजलं की तो खूपच कमी होता. तेव्हापासून माझा असा समज झाला, की फुगवून सांगितल्याशिवाय माणूस खऱ्याच्या जवळपासही पोचत नाही. हा समज मला आयुष्यभर पुरला. कात्रजच्या डेअरीसमोरून मी फटफटी काढली तेव्हा आतल्या टाक्यांत लोणी वर आलं, आणि सर्पोद्यानातल्या सगळ्या नागांनी एकदम मान वळवली, हे पुण्यातल्या निदान चार पिढ्यांना मी ऐकवलंय. आणि ताशी दोनशे? ते तर मी फटफट्यांच्या कंपनीत लागल्या वर्षापासूनच सांगत होतो. "पोपट, काल किती?" कँटीनमध्ये कोणीतरी विचारायचं. "काल वारा होता, एकशे पंच्याण्णव."

आणि त्या शनिवारी मी खरोखरच ते करायला निघालो होतो. उद्या, रविवारी, कात्रजच्या पलीकडच्या नव्या रस्त्याचं उद्घाटन. रस्ता केव्हाच झाला होता. सरळसोट, गुळगुळीत, पट्टे मारलेला. मंत्र्यांना वेळ नसल्यामुळे तो नुसता पडून होता, लग्नाची सगळी तयारी होऊन नवरा न आल्यासारखा. उद्या नवरा येणार होता. परवापासून त्यावर ट्रक. आमच्या मोटारसायकल मंडळाच्या वेळमापक सुनीती मॅडमनी ठेकेदाराकडून कशीबशी सकाळची परवानगी काढली होती. मोजलेल्या एका किलोमीटरमधून पूर्ण वेगात जायचं, आणि तासाच्या आत उलट दिशेने परत यायचं. दोन्हींची सरासरी तो वेग. एका बाजूने वाऱ्याने ढकललं तर दुसऱ्या बाजूने तो वसूल करणार, असा तो न्याय. साडेतीनशे सीसीच्या वर्गात, घरी बांधलेल्या गाडीवर, दोनशेची सरासरी मंडळाच्या हद्दीत कोणी गाठली नव्हती. आज नाही तर, माझं वय आणि ट्रक दोन्ही धरता, कधीच नाही.

टण्. काय असेल? साखळीची टोकं जोडणारा कुलूप-दुवा? तो मी काल स्वतः पक्का केला. सायलेन्सरच्या नळकांड्याचा आतला पडदा? मग आवाज भरीव आला असता. सिंहगड रस्त्याला लागलो तरी मी मनातल्या मनात तिचा एकेक अवयव काढून, पुसून, परत बसवत होतो. ती मूळची जुनी, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. आमच्या कंपनीने जपानी करार केला, फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, काचेच्या खोलीत संगणकावर चालणारी यंत्रं आली, आणि आम्हा हत्यारखात्यातल्या, म्हणजे टूलरूममधल्या, जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तीत इच्छा कंपनीची आणि निवृत्ती आमची. बाकीच्यांनी कोणी पीसीओ टाकला, कोणी झेरॉक्स. मी पार्किंगमध्ये एक भंगार फटफटी आणून टाकली. ललिता वरून, गॅलरीतून म्हणाली, "हिला नंबर आहे का?" मी म्हटलं, पहिला. ती आत गेली आणि खाली येताना माझ्यासाठी जुनी सतरंजी घेऊन आली, गुडघ्यांखाली घालायला. ती सतरंजी म्हणजे तिची परवानगी, हे मला कळायला थोडा वेळ लागला. त्यानंतरची वर्षं, शेजाऱ्यांना वाटलं वाया गेली, पण मी खोटं नाही बोलत, म्हणजे या एका बाबतीत नाही बोलत, त्या वर्षांत मला सकाळी जाग यायची ती आधी हातांना. डोळे मागाहून उघडायचे. निकामी झालेल्या पिस्टनांची रांग खिडकीत होती, ललिता त्यांत मोगऱ्याच्या फांद्या लावायची, आणि बऱ्याच जगल्या. मुलगी चैताली तेव्हा हिंजवडीत नुकतीच लागली होती. एकदा ऑफिसातून छापून आणलेला आलेख माझ्या चहाशेजारी ठेवून म्हणाली, "बाबा, मॉडेलप्रमाणे एकशे ऐंशीच्या वर जाणं पॉसिबलच नाहीये. हवाच जाऊ देत नाहीये तुम्हाला." मी विचारलं, हवेला भेटलीस का तू? ती हसली, आलेख ठेवून गेली. पण ती म्हणत होती ते बरोबर होतं. इंजिनाने सगळं दिलं होतं. आता राहिली हवा.

हवेला फसवायचं तर गाडीला कवच हवं. माशासारखं, पुढे बोथट, मागे निमुळतं, आत माणूस पोटावर आडवा. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. असा पत्रा अंगच्या वळणाने वळवणारी माणसं पुण्यात एकाच ठिकाणी, कसब्यातल्या तांबट आळीत. तिथे शंभू भेटला. दुकान एवढं अरुंद की तो आणि बंब एका वेळी आत मावायचे नाहीत. मी लाकडाचा नमुना दाखवला. त्याने वरून हात फिरवला आणि विचारलं, "हिच्यात पाणी किती मावणार?" पाणी नाही, मी मावणार, म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि माप घेतलं. काम सुंदर चाललं होतं. कुठे सांधा दिसत नव्हता, आरशासारखं गुळगुळीत. दसरा आला, मी दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीला गेलो, आणि परत येऊन पाहतो तर शंभूने सगळं कवच, नाकापासून शेपटीपर्यंत, मठारून ठेवलं होतं. मठार म्हणजे तांब्याच्या घागरीवर, बंबावर गोल गोल ठोक्यांची ती नक्षी असते ना, ती. माशाला देवी आल्या होत्या. शंभू बाजूला उभा, लग्नात मुलीचा बाप उभा राहतो तसा. मी लाकडाचा नमुना उचलून त्याच्यासमोर धरला. "अरे, गुळगुळीत हवं होतं! हवा घसरायला हवी होती!"

"भांडं मठारल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही, पोपटराव. तसं दिलं तर लोक म्हणतील अर्धवट दिलं."

"हे भांडं नाहीये!"

"आत पोकळ आहे, पत्र्याचं आहे, मी बनवलंय," तो म्हणाला. "मग काय आहे?"

महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग ललिताने तोडगा काढला, म्हणजे तिने भांडण मिटवलं नाही, फक्त मोजू या म्हणाली. विणकामातली उरलेली लाल लोकर घेतली, वीत वीत लांबीचे तुकडे केले आणि कवचाच्या एका बाजूला थेट मठारावर, दुसऱ्या बाजूला मठार कागदाने झाकून गुळगुळीत केलेल्या भागावर, ओळीने चिकटवले. जिथे हवा सरळ वाहते तिथे लोकर अंगाला चिकटून झोपते, जिथे फाटते तिथे नाचते. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर मी गाडी चालवायची आणि शेजारून टेम्पोच्या हौद्यात बसून ललिताने लोकर वाचायची. मुंडासं बांधून, चष्म्याला दोरी लावून, ती पन्नाशीची बाई माझ्या बरगड्यांकडे टक लावून बघत होती. लग्नानंतर इतका वेळ तिने माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. मी मनात गोष्ट तयार ठेवली होती: मठारामुळे फटफटी वाऱ्याला गुदगुल्या करते आणि वारा हसत बाजूला होतो. गाडी थांबल्यावर विचारलं, "काय?"

"फरक नाही," ललिता म्हणाली.

"थोडा तरी?"

"फरक नाही म्हणजे नाही. दोन्हीकडे सारखीच झोपली. शेपटीजवळ मात्र दोन्हीकडे नाचतेय. शेपूट वीतभर वाढवा."

वीतभर शेपूट वाढवली. शंभूने तीही मठारली. मी ती तशीच बसवली. त्या दिवसापासून आमची परत गट्टी.

आता कात्रज मागे टाकून टेम्पो कच्च्या वळणावरून नव्या रस्त्यावर चढला आणि एकदम आवाज थांबला. खालचं डांबर इतकं नवं की चाकं बोलेनाशी झाली. सुनीती मॅडम खुर्ची टाकून बसल्या होत्या, डोक्यावर छत्री, पुढे तिपाईवर त्यांचं घड्याळाचं यंत्र, त्याच्या तारा दोन्ही टोकांच्या प्रकाशडोळ्यांना जोडलेल्या. "या," त्या म्हणाल्या. "तुमची वेळ होऊन गेली, पण तुम्ही वेगवान गृहस्थ, म्हटलं येतीलच." मी चादर काढली. मॅडमनी कवचाकडे पाहिलं. "पाणी तापवायचं राहिलं होतं का घरी?" शंभूला ती स्तुती वाटली. मी कवच उतरवून, अंगावर पालथा पडून, कान लावून, बॅटरी मारून त्या टण्चा शोध घेतला. काही नाही. प्रत्येक बोल्ट जागेवर. पण बोटांच्या टोकांत ती भीती तशीच राहिली, काटा निघाल्यावरही बोटात काटा असतो तशी.

पहिली फेरी वाऱ्याबरोबरची. तिच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं विशेष नाही, आणि हेच विशेष. मी पोटावर आडवा, हनुवटी टाकीवर, पुढे बोटभर फटीतून दिसणारा रस्ता. इंजिनाला शर्यतीचं एरंडेल घातलेलं, त्याचा वास कवचात कोंडला होता आणि माझी आई मुक्ताई पितळी वाटी घेऊन समोर उभी राहिली. नाक धर आणि गिळ. मी नाक धरलं नाही. पट्टे आधी तुटक होते, मग सलग झाले, मग थरथरले, मग तेही थांबले, आणि एक मोठी शांतता झाली. इतकी वर्षं मी त्या जागेविषयी काय काय सांगितलं होतं! सावली मागे पडते, कानातलं बोलणं दुसऱ्या दिवशी ऐकू येतं. तिथे यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त मी होतो, आणि मला त्याचं काही सांगावंसं वाटत नव्हतं. टोकाला पोचून गाडी वळवली, सावकाश मॅडमच्या खुर्चीपाशी आणून थांबवली, कवचाचं झाकण उघडलं, तेव्हा लक्षात आलं की आपण हसतोय आणि दात वाळले आहेत.

"दोनशे सहा," सुनीती मॅडम पोरक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना बहुतेक टोमणा सापडला नाही.

आणि मग शंभूने शेपटीला हात लावला तशी ती हातात आली. कवचाला चौकटीशी धरणारी मागची पट्टी चिरली होती, तिच्या एका रिबिटाचं डोकं उडून गेलं होतं. तेच ते टण्. भीतीचं नाव कळल्यावर मला बरंच वाटलं, पण अशी शेपूट घेऊन वाऱ्याविरुद्ध जाणं म्हणजे वाटेत मासा उकलणं. तास चालू होता. वेल्डिंगचं यंत्र कर्वेनगरात. शंभूने पिशवी ओतली. रस्त्याकडेचा दगडी कठडा ही ऐरण, उरलेल्या पत्र्याचा तुकडा हे ठिगळ, आणि तांब्याचे रिबिट त्याच्या खिशात असायचेच, दुसऱ्याच्या खिशात सुपारी असते तसे. तो ठोकत होता, मी धरून होतो, माझ्या दातांत ठोके वाजत होते. ठिगळ बसलं. रिबिट बसले. मी हलवून पाहिलं, घट्ट. "चल, बसव," म्हणून उठलो तर ठोके चालूच. शंभू ठिगळ मठारायला बसला होता.

"शंभू! पुरे!"

"झालं, झालं."

"अरे तास जाईल!"

"असं कसं द्यायचं? बाकी सगळं मठारलेलं आणि मध्येच हे उघडं? पोपटराव, लोक बघतात."

त्या ओसाड रस्त्यावर, क्षितिजापर्यंत, लोक म्हणजे सुनीती मॅडम आणि एक टिटवी. मी त्याचा हात धरणार होतो. धरला नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. तो मान वाकडी करून, जिभेचं टोक बाहेर काढून, एकाशेजारी एक ठोका असा टाकत होता की जणू जगात तास नावाची गोष्ट कोणी अजून काढलीच नव्हती, आणि मला वाटलं, याला थांबवलं तर मी कशासाठी निघालो होतो ते तरी कुठे उरलं? पार्किंगमधल्या त्या वर्षांत मीही असाच बसायचो, ललिता वरून जेवायला हाक मारायची आणि मला ऐकू यायचं नाही. आता ललिता शेजारी उभी होती, मनगटावरच्या घड्याळाकडे न बघता, शंभूच्या हाताकडे बघत. तिने मला हाक मारली नाही. "होईल," एवढंच म्हणाली. सुनीती मॅडम लांबून ओरडल्या, "तुमच्याकडे आता एक चहा होईल एवढा वेळ आहे, आणि चहा मी पिणार आहे!"

परतीची फेरी पलीकडच्या टोकाहून, वाऱ्याविरुद्ध. पहिलीसारखी शांतता आली नाही. वारा समोरून खांदा लावून उभा होता, कवच सगळीकडून गुणगुणत होतं, इंजिन माझ्या छातीखाली दातओठ खात होतं, आणि मला प्रथमच आकड्याची आठवण आली. मी विनवलं नाही. पोट आत घेतलं, कोपरं आत घेतली, श्वास अर्धा घेतला, जितका लहान होता येईल तितका लहान झालो. उभं आयुष्य स्वतःला फुगवण्यात घालवलेल्या माणसाला हे फार अवघड गेलं. पण जमलं. डावीकडून काहीतरी पांढरं गेलं, ते टोक असावं.

तासाच्या आत पोचलो होतो, थोडक्यात. सुनीती मॅडमनी परतीचा आकडा सांगितला, एकशे सत्त्याण्णव, आणि कागदावर सरासरी मांडायला घेतली. ललिताने पेन मागितला. "वेगांची नको, वेळेची सरासरी घ्या. नियम तसा आहे." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. दोन बायका छत्रीखाली वाकल्या, मी आणि शंभू उन्हात उभे, शाळेच्या निकालाला उभे राहावं तसे. ललिताने उत्तर काढलं, परत काढलं, उलटं करून ताळा पाहिला. मग सरळ झाली.

"दोनशे एक. वर थोडं आहे, पण ते सोडा."

"ते सोडत नाही आम्ही," सुनीती मॅडम म्हणाल्या. "दशांश चार. लिहा." आणि मग, जणू कोणी ऐकेल म्हणून आवाज खाली आणून, "छान केलंत हो."

परतताना चौघं टेम्पोत कोंबून बसलो. मॅडमना आम्ही पुढची जागा दिली, ललिता मागे माझ्याजवळ आली. माझ्या अंगात ते दोनशे एक, कोमट, जेवण झाल्यासारखं बसलं होतं. सांगायची घाई नव्हती. कात्रजच्या चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवला. टेम्पोच्या मागून मठारलेली शेपूट बाहेर आली होती. तो मागे आला, चादर वर करून बघितलं, ठोक्यांवरून बोट फिरवलं. "ही काय भानगड? बंब हाय का?"

"फटफटी आहे," मी म्हणालो.

"ही? पळती का?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे खरा आकडा होता, आणि तो नेमका माझ्या थापेसारखा दिसत होता. एवढ्यात माझ्या शेजारून, वजनमापे खात्याच्या स्पष्ट, शिक्का मारल्यासारख्या आवाजात ललिता म्हणाली, "तीनशेने पळते."

शंभूच्या हातातली पिशवी खाली आली. पुढून सुनीती मॅडमनी मान वळवली.

"तीनशे?" पोलीस म्हणाला.

"आत्ताच मोजून आणली. मी स्वतः मोजली. वजनमापे खात्यात आहे मी." तिचा चेहरा दगडासारखा होता. फक्त तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता आणि तो हलत होता, हसू दाबल्यासारखा.

पोलिसाने तिच्याकडे पाहिलं. पोलीस लोकांचा धंदाच माणूस ओळखण्याचा. ही बाई खोटं बोलणारी नाही, हे त्याला चटकन कळलं. त्याने गाडीकडे पाहिलं तेव्हा नजर बदललेली होती.

"साहेब, नाही हो," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "तिचं ऐकू नका. दोनशे एक. दशांश चार."

"काका, तुम्ही गप बसा जरा," पोलीस म्हणाला. "मावशी सांगतायत ना."